कुरणवाडीची द्राक्षं

१

कुरणवाडीत द्राक्षाचा एक वेल नव्हता. नकाशावर मात्र अख्खी कुरणवाडी जांभळी झाली होती.

जांभळा रंग म्हणजे वाइनच्या द्राक्षांचा प्रदेश. ही द्राक्षं राज्यात नेमकी कुठे होतात, याचा अधिकृत नकाशा करायचं काम पुण्यातल्या एका सरकारी नकाशा कक्षाकडे होतं. जांभळ्या रेषेच्या आत येतील त्या गावांना वाइनचे कारखाने, सवलती, डांबरी रस्ते. बाहेरच्या गावांना शुभेच्छा. नकाशा सोमवारी छापायला जायचा होता. त्याआधीच्या बुधवारी, कक्षात उन्हाळी इंटर्नशिप करणारी एक विद्यार्थिनी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, की सर, उपग्रहाच्या चित्रात या गावात मला एकही बाग दिसत नाही.

ज्याने चूक दाखवली त्यालाच धरायचं, ही सरकारी रीत जुनी आहे. कुरणवाडीच्या सगळ्या नोंदी त्या मुलीच्याच लॉगिनवरून झालेल्या निघाल्या. चोराच्या उलट्या बोंबा, असं कक्षप्रमुखांचं मत पडलं.

मला बोलावलं गुरुवारी. मी प्रेमला पोकळे, राहणार धायरी, निवृत्त चौकशी अधिकारी. खात्यात काही बिनसलं की चौकशीला निवृत्त माणूस शोधतात, कारण त्याला बढती नको असते आणि बदलीची भीती नसते. मला आणखी एक फायदा आहे. माझ्या वडिलांचं शेत होतं. गावच्या कागदावर आमच्या शेताचा नंबर जवळजवळ शेवटचा. आता तिथे जी बिल्डिंग आहे तिचं नाव 'फर्स्ट एव्हेन्यू'. जमिनीचे लोक काय काय करू शकतात, याचं मला नवल वाटत नाही.

कक्ष बिबवेवाडीत, टायरच्या दुकानाच्या वर. प्रमुख डॉक्टर हिंदुराव खैरे. भूगोलाचे डॉक्टर, शांत, नीटनेटके, मिशीला कात्री वेळेवर लागलेली.

"मुलगी हुशार आहे, म्हणूनच जास्त वाईट वाटतं," ते म्हणाले. "तिचं नाव नकाशावरून काढू आणि कॉलेजला कळवू. तुम्ही फक्त अहवाल द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मॅडम."

"कॉलेजला कळवलं की तिचं काय होईल?"

"नापास होईल. सरकारी नोंदीत खोटेपणा म्हटल्यावर पुढे कुठली नोकरीही अवघडच."

अर्ध्या दिवसात एका मुलीचं आयुष्य निकालात काढायचं, आणि वर चहासुद्धा विचारला नाही.

मुलगी बाहेर बसली होती. आबेदा शेख. एमएस्सीचं शेवटचं वर्ष, हातात पाण्याची बाटली, आणि ती बाटली ती सारखी या हातातून त्या हातात घेत होती.

"मॅडम, लॉगिन माझं आहे, पण तो डेटा माझा नाहीये. मी कुरणवाडीला कधी गेलेच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक रिक्वेस्ट आहे. घरी काही कळवू नका, प्लीज. घरी मी सांगितलंय की फळबागांचा नकाशा करतेय. वाइनचा आहे हे अब्बांना माहीत नाही. इथे सगळ्यांना माहितेय, फक्त त्यांनाच नाही."

इथे सगळ्यांना माहीत होतं. हे वाक्य मी तेव्हा फक्त ऐकलं.

२

आधी काम कसं चालायचं ते समजून घेतलं. विद्यार्थ्यांनी गावोगाव जायचं, बागेच्या कडेला उभं राहून ठिकाण नोंदवायचं, वेल मांडवावर चढवलाय की तारेवर उभा ताणलाय ते लिहायचं. मांडवावरची द्राक्षं बहुधा खायची, तारेवरची बहुधा वाइनची. ठिकाणं ओळीने संगणकात जायची. यंत्र बंद पडलं तर हाताने नोंद करायची सोय होती. यंत्रं रोज बंद पडत. फोटो जोडायचा नियमही होता, पण संगणकावर जागा उरली नाही म्हणून तो मे महिन्यात रद्द झाला.

"आणि पासवर्ड?" मी आबेदाला विचारलं.

"टेबलाचा नंबर आणि पुढे 'द्राक्ष'. सगळ्यांचा तसाच. सरांनी पहिल्या दिवशी दिला, बदलायचं ऑप्शनच चालत नाही."

म्हणजे कुलूप होतं आणि किल्ली कुलपालाच बांधलेली होती. मी हॉलमध्ये नजर फिरवली. दाराजवळच्या टेबलावर एक नंबर असेल असं वाटलं, तर तिथे सगळ्यात मोठा आकडा. एक नंबर सापडला तो पार आतल्या कोपऱ्यात, पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन जिथे पडतं तिथे. नवीन माणसाला आपलं टेबल शोधायला हॉल पालथा घालावा लागत असणार.

"नंबर कुणी घातले?"

"सरांनी. आम्ही हसतो त्यावरून."

कुरणवाडीच्या नोंदी आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत झाल्या होत्या. त्या वेळी इमारतीत कोण कोण होतं, ते विचारत गेले. आबेदा गच्चीवर एकटी डबा खात होती. हिंदुराव आपल्या केबिनमध्ये. दुसरा इंटर्न मच्छिंद्र रायकर आमच्या धायरीचाच. तो म्हणाला, खाली मिसळ खायला गेलो होतो.

"कुणी पाहिलं?"

"मिसळवाल्यानं. पण त्याला आत्ता विचाराल तर तो तुम्हालाच म्हणेल, खायचं असेल तर बसा, नाहीतर जागा अडवू नका."

हसरा पोरगा. पण कुरणवाडीचं नाव घेतल्यावर हसणं जरा आखडलं. "माझी ताई दिलीय तिथं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. ही इंटर्नशिप मला दाजींच्या गावामुळेच मिळाली. गावातल्या कुणीतरी शब्द टाकला. पण मॅडम, मी नाही केलं. करायचं असतं तर आबेदाच्या नावावर कशाला केलं असतं? ती माझी फ्रेंड आहे."

राहिले आप्पासाहेब. लष्कराच्या नकाशा विभागातून निवृत्त, इथे करारावर. छापायच्या आधी नकाशावर शेवटचा हात त्यांचा.

"गेल्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आपण कुठे होता?"

"खुर्चीत. डोळे मिटून."

"झोपला होता?"

"बाई, या वयात दुपारी झोपणाऱ्याला विचारत नाहीत, न झोपणाऱ्याला विचारतात. आणि मला ते उंदराचं यंत्र धरता येत नाही. मी कागदावरचा माणूस."

धरता येत नाही, की धरता येत नाही असं दाखवतात? मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे भिंगातून पाहिलं.

३

घरी कळवणार नाही, असं मी आबेदाला सांगितलं होतं. घरी जाणार नाही, असं सांगितलं नव्हतं. मुलीच्या घरच्यांचा कुरणवाडीशी काही जमिनीचा संबंध आहे का, हे पाहणं भाग होतं.

तिचे वडील शमशुद्दीन यांचं दुकान बुधवार पेठेत, पुस्तकांच्या गल्लीच्या आत. काम नकाशे कापडावर चढवण्याचं. शाळेच्या भिंतीवर असतात ना, वर-खाली दांडी लावलेले, तसले. दुकानात खळीचा वास भरला होता. ते महाराष्ट्राचा एक नकाशा कापडावर पसरून हाताने हवा काढत होते. मग पट्टी ठेवून त्यांनी खालची पांढरी कड सरळ कापून टाकली.

"त्या कडेवर छापलेलं असतं की काही," मी म्हणाले.

"करणाऱ्यांची नावं असतात, ताई. कडेचा मजकूर कोण वाचतो? कापली नाही तर दांडी नीट बसत नाही."

मी नकाशा चढवून घ्यायचा बहाणा केला आणि बोलण्यातून जमिनीवर आले. जमीन नव्हती. पिढ्यान् पिढ्या पेठेत राहिलेलं कुटुंब, घरसुद्धा भाड्याचं. मुलीचा विषय मात्र त्यांनीच काढला.

"माझी थोरली नकाशे करते. मी चढवतो, ती करते. सरकारी कामावर आहे."

"कसला नकाशा?"

त्यांनी खळीचा हात फडक्याला पुसला. "फळबागांचा, असं ती सांगते. दारूच्या द्राक्षांचा आहे, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. कागदवाले सगळे माझे ओळखीचे. तिच्या आईलाही ठाऊक आहे. आम्हाला ठाऊक आहे, एवढं फक्त तिला ठाऊक नाही."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? ती पिते का? ती मोजते. खोटं मोजलं तर बोलेन."

मी दुकानाबाहेर आले तेव्हा या माणसाला 'तुमच्या मुलीवर खोटं मोजल्याचाच आरोप आहे' हे सांगण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, असं मला फार मनापासून वाटलं. सोमवारला फारसा अवकाश उरला नव्हता.

४

शनिवारी एसटीने कुरणवाडीला गेले. हातात नोंदींचा नकाशा, त्यावर ठिकाणं एकापासून पुढे क्रमाने टिंबांनी दाखवलेली.

गाव नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं. नदी खोल आणि तिरकी, गावाच्या मधोमध. पहिल्या ठिकाणी उभी राहिले, तर तिथे बोरी आणि बाभळी. द्राक्षाचं नाव नको. दुसरं ठिकाण पाहायला निघाले तर समोर नदी. दुसरं टिंब पल्याड होतं. तिसरंही पल्याड. चौथं पुन्हा अल्याड.

काठावर एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. मुक्ताबाई. मी विचारलं, पलीकडे कसं जायचं?

"पोहता येतं का?"

"नाही."

"मंग लांबनं जा. पूल पार खालच्या गावाला हाय. जाऊन येस्तोवर दिस कलंल." तिने माझ्या हातातला कागद न्याहाळला. "तू हापिसातली का? आमचं गाव घेतलं म्हनं नकाशात."

"कोण म्हणालं?"

"सारा गाव म्हनतोय. आमचं मानूस हाय की त्या हापिसात." आणि एवढं बोलून तिने जीभ चावली. शेळ्या हाकायला एकदम उठली. आणखी विचारलं तर म्हणाली, "मला काय बी ठावं न्हाई, बाय. म्हातारीचं काय ऐकतीस."

आमचं माणूस. एसटीत बसल्यावर मला मच्छिंद्रचा आखडलेला चेहरा आठवला. त्याची ताई तिथे, दाजी तिथे, शब्द टाकणारं माणूसही तिथलंच. अहवाल मनात लिहून झाला होता. आपल्याच गावच्या पोराचं नाव लिहायचं म्हणून थोडं जड वाटत होतं, एवढंच.

मग मी तो नकाशा पुन्हा मांडीवर पसरला आणि टिंबांवरून क्रमाने बोट फिरवलं. एक अल्याड, दोन पल्याड, तीन पल्याड, चार अल्याड, पाच अल्याड, सहा पुन्हा पल्याड. पूल नसलेल्या नदीवरून हा माणूस सारखा इकडून तिकडे गेला होता. पायी चालणारा असा जात नाही. तो एक काठ संपवतो, मग दुसरा धरतो. हे ज्याने लिहिलं तो खुर्चीत बसून लिहीत होता. पण खुर्चीत बसलेल्यालाही काही क्रम लागतोच. मग हा क्रम कुठला?

बोट शेवटच्या टिंबावर, खालच्या उजव्या कोपऱ्यात येऊन थांबलं आणि मला आमचं धायरीचं शेत आठवलं. मी वाहकाला विचारलं, गाडी वेळेवर पोचेल ना? तो म्हणाला, "आजवर पोचलीय का?"

५

रविवारी कक्षाला सुट्टी. मी सगळ्यांना बोलावून घेतलं. आप्पासाहेब तेवढे आनंदाने आले. घरी पाहुणे होते म्हणे.

आदल्या संध्याकाळी मी एका कागदावर खोटं गाव काढलं होतं. चौकोनी चौकोनी शेतं, मधून तिरकी नदी, एक देऊळ, एक विहीर, एक रस्ता. दिशा दाखवायला वर एक बाण. त्याच्या प्रती काढून मी एकेकाला आत बोलावलं आणि एकच सांगितलं, "अहवालाला एक नमुना जोडायचा आहे. या शेतांना नंबर घालून द्या."

आबेदाने कागद हातात धरला आणि पेन्सिल न लावता विचारलं, "मॅडम, पूल कुठे दाखवलाय?"

"नाही दाखवला."

"मग मी रस्त्याकडून सुरू करते. हा काठ आधी, पलीकडचा नंतर." तशीच गेली.

मच्छिंद्रने विहिरीपासून सुरुवात केली. म्हणाला, गावात आधी पाणी कुठाय ते बघायचं. नदीपाशी आला तेव्हा त्याचीही पेन्सिल थबकली.

आप्पासाहेबांनी पेन्सिल खालच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवली. "लष्करी सवय. आधी पूर्वेकडे, मग उत्तरेकडे. आमच्याकडे वरून सुरू करणाऱ्याला परत शाळेत पाठवत."

हिंदुराव फोनवर बोलत आत आले. फोन कानालाच ठेवून कागद ओढला, वरच्या डाव्या कोपऱ्यात एक लिहिला, आणि भराभर उजवीकडे सरकत, ओळ संपली की खालच्या ओळीत, नदी आली तर नदी ओलांडून, शेवटचा आकडा खालच्या उजव्या कोपऱ्यात टाकून कागद माझ्याकडे सरकवला. एकदाही थांबले नाहीत. हात स्वतःच चालत होता.

"फोन ठेवा, डॉक्टर," मी म्हणाले.

त्यांनी ठेवला.

"मोजणी खात्यात किती वर्षं होतात?"

"मी? मी उपग्रहाचा माणूस आहे, मॅडम."

"वायव्येला सुरुवात करायची, ओळीने सरकायचं आणि आग्नेयेला संपवायचं. गावच्या शेतांना मोजणीवाले असेच नंबर घालतात. आमचं शेत गावच्या आग्नेय कोपऱ्यात, म्हणून आमचा नंबर जवळजवळ शेवटचा. शाळेत मला त्यावरून चिडवायचे. तुम्ही टेबलांनाही तसेच नंबर घातलेत. वायव्येच्या कोपऱ्यात एक आणि दारात शेवटचा. आणि कुरणवाडीची ठिकाणंही तशीच लिहिलीत. चालणाऱ्या माणसाला नदी आडवी येते. मोजणीच्या हाताला येत नाही."

त्यांनी आपला कागद उचलून पालथा ठेवला. मग म्हणाले, "भूकरमापक होतो. पीएचडीच्या आधी. पण ते कुणालाही येईल. मच्छिंद्रचे नातेवाईक तिथे आहेत, त्याला विचारा."

"विचारलं. त्याला इथे घ्यायला गावातून शब्द टाकला गेला. शब्द टाकायला समोर ऐकणारा लागतो, डॉक्टर. इंटर्न निवडतं कोण? कुरणवाडीच्या माणसाचं तुम्ही का ऐकलंत?"

खाली टायरवाल्याच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होतं. 

"आजोळ आहे माझं," शेवटी ते म्हणाले.

६

त्यानंतर त्यांनी काही लपवलं नाही. वडील लवकर गेले. मामाच्या घरी राहून शिकले. कुरणवाडीने सांभाळलं. आता आजूबाजूची गावं रेषेच्या आत चाललेली पाहून मामा आणि चार जाणती माणसं त्यांच्याकडे आली. एक रेघ तर ओढायची, वेल काय पुढच्या वर्षी लावू. ते नाही म्हणू शकले नाहीत.

खरं सांगते, इथपर्यंत मला त्यांचा राग आला नाही. ज्यांच्या ताटात जेवलो त्यांना नाही म्हणणं सोपं नसतं. चूक ती चूकच, पण कळणारी.

"आबेदाचंच लॉगिन का?" मी विचारलं.

 "तिच्या घरी वाइनचं माहीत नाही. मला वाटलं, उद्या काही निघालंच तरी ती आरडाओरडा करणार नाही. गप्प राहील."

 इतकी वर्षं चौकश्या केल्या; लाच घेणारे पाहिले, शिक्के चोरणारे पाहिले. पण पोरीची भीती नेमकी कुठे आहे ते बघून तिथेच पाय ठेवणारा माणूस इतक्या शांतपणे बोलताना पाहिला नव्हता. आणि ती पोर गप्प राहिली नव्हती. घरी कळेल हे माहीत असून बुधवारी सगळ्यांसमोर उभी राहिली होती. ती बोलली नसती तर कुरणवाडी जांभळीच छापली गेली असती.

"रेघ ओढलीत ते मी अहवालात एका ओळीत लिहीन," मी म्हणाले. "बाकीची पानं या वाक्याला देणार आहे."

दिलीही. हिंदुरावांचं पुढे काय झालं ते खात्याने ठरवलं. माझं काम तिथे संपलं. सोमवारी नकाशा छापायला गेला, त्यात कुरणवाडी कोरी होती. मुक्ताबाईला वाईट वाटलं असेल. मलाही थोडं वाटलं. त्या गावाला पूल तरी मिळायला हवा होता. पण पुलासाठी द्राक्षं लागत नाहीत.

महिन्याभराने आबेदाचा फोन आला. कक्षाच्या भिंतीवर लावायला नकाशा कापडावर चढवून हवा होता, आणि नव्या प्रमुखांनी नेमकं तिच्या वडिलांच्या दुकानाचं नाव काढलं होतं. शहरात हे काम करणारं दुसरं उरलंच नव्हतं. "मॅडम, मी काय करू? वरती एवढ्या मोठ्या अक्षरात 'वाइन' छापलंय."

"शिपायाकरवी पाठवून दे," मी म्हणाले. "आणायला जाशील तेव्हा मीही येते."

आम्ही गेलो तेव्हा काम झालेलं होतं. नकाशा दुकानाच्या भिंतीला टांगला होता, मथळ्यासकट, गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा. आबेदा उंबऱ्यातच थांबली. शमशुद्दीन खळीची बादली धूत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मुलीचं लक्ष मथळ्यावरून खाली आलं. खालची दांडी जरा तिरकी बसली होती, कारण पांढरी कड कापलेली नव्हती. कडेवर बारीक अक्षरांत क्षेत्र-सर्वेक्षण करणाऱ्यांची नावं होती. पहिलं तिचं.

"अब्बा," ती म्हणाली, "कड राहिली तुमची. दांडी वाकडी बसलीय."

"बसू दे," शमशुद्दीन म्हणाले. "या खेपेला मी वाचली."